सुपडू, उकारासकट

आधीची दोन पोरं पाळण्यातच गेली,
म्हणून तिसरं झालं तेव्हा सुईणीनं ते सुपात घातलं,
उकिरड्यापर्यंत नेलं आणि परत आणलं.
टाकून दिलेलं पोर यम मोजत नाही.
आमच्या अमळनेर तालुक्यात असे सुपडू, उखर्डू, शेनफडू
गल्लीगणिक सापडतात.
त्यातला एक देशाचा पंतप्रधान झाला.
अकरा महिने, सहा दिवस.

मी झुलाल शिंपी, बोरी मुद्रणालयातला जुळारी.
त्यांचं चरित्र जाड पुस्तकांत असेलही.
मला ठाऊक आहे ते शिशाच्या उलट्या अक्षरांतलं.

पहिलं पत्रक नगरपालिकेचं. वॉर्ड चार, निशाणी कंदील.
सायकल भिंतीला टेकवून आत आले,
पायजम्याला जिनिंगमधला कापूस चिकटलेला.
"झुलालभाऊ, नाव मोठ्ठं टाक."
मोठ्या टायपातला ऱ्हस्व उकार मोडलेला होता.
मी एक स्वल्पविराम घेतला,
कानशीनं घासला, आडवा करून स खाली बसवला.
लांबून उकारच वाटे.
पाचशे प्रती, चौदा रुपये, उधार.

पुढे मुंबई, पुढे दिल्ली.
तिकडच्या कागदांवर ते एस. यू. देवरे झाले.
दोन उकार गेले, दोन टिंबं आली.

मग तीन पक्ष महिनाभर भांडले,
आणि ज्याच्या नावाला कुणाचीच हरकत नव्हती
असा एकच माणूस उरला.
त्या रात्री स्टेशनवर उतारूंना जिलबी वाटली.
वार्ताहरांनी म्हातारीला गाठलं, कसं वाटतंय?
ती म्हणाली, "पगार कितला शे?"
मी अख्खी रात्र ट्रेडल मारला:
सुपडू देवरे जिंदाबाद.
मजकूर सोडला नाही, सुतळीनं बांधून फळीवर ठेवला.
लागेल म्हटलं परत.

लागला.
सातव्या महिन्यात दूरच्या एका बंदरावर
हमालांच्या संपावर गोळी चालली. नऊ माणसं.
रेडिओवर त्यांचाच आवाज, चौकशी होईल.
दुसऱ्या दिवशी गिरणीतली पोरं छापखान्यात आली.
मी सुतळी सोडली.
जिं काढला, म ठेवला, दा वर रफार चढवला.
बाकीचं होतं तसंच.
एवढ्याशा कामाला पाच मिनिटंही लागली नाहीत.
पण आता ओळीत उकार दोन हवे होते
आणि माझ्याकडे घासलेला एकच.
तो मी म ला दिला.
गावभर चिकटलं: सपडू देवरे मुर्दाबाद.

सरकार पडलं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात
भर दुपारी ते आले. मोटार नाही, पोलीस नाही.
खिशातून तेच पत्रक काढलं, घडीवर फाटलेलं.
"झुलालभाऊ, मन्हा उकार कोठे गया रे?"
मी खिळ्यांच्या पेटीकडे बघत राहिलो.
हसले नाहीत. रागावलेही नाहीत.
दुसरा कागद पुढे केला, नऊ नावं, हातानं लिहिलेली,
आमच्या जिभेवर न वळणारी, लांबच लांब.
"चौकशी काही झाली नाही. नावं तरी चुकवू नको."
स्टुलावर बसले.
पाच वेळा प्रूफ काढायला लावलं,
पाचही वेळा बोट ठेवून वाचलं.
खाली कुणी छापलं, कशासाठी, काही टाकू दिलं नाही.
शंभर प्रती पिशवीत घालून पायीच गेले,
बोरीच्या पुलावरून, सावली नसलेल्या बाजूनं.
कुठे वाटल्या, कळलं नाही.

परवा त्यांच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला.
कॉम्प्युटरवरच्या पोराला उकार हवे तितके मिळतात,
तरी त्यानं एस. यू. च टाकलं.
मी खालून ओरडलो, अरे, सुपडू लिही!
त्याला वाटलं म्हातारा शिवी देतोय.

घासलेला स्वल्पविराम माझ्या तपकिरीच्या डबीत आहे.
वहीत चौदा रुपये अजून येणे.